मुलांना युद्ध कसं सांगायचं: गोव्यातल्या नव्या शिक्षकांसाठी आणि पालकांसाठी

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान सीमेवर तणाव वाढला. ७ तारखेला देशभर नागरी संरक्षणाची कवायत झाली, १० तारखेला शस्त्रसंधी झाली. मधल्या दिवसांत मुलांच्या कानावर काय काय पडलं याचा आपल्यापैकी बहुतेकांना पत्ताच नव्हता. तेव्हापासून नवे शिक्षक आणि तरुण आईबाप मला एकच विचारतात: हा विषय मुलांपुढे काढायचा कसा? काढायचाच का?

काढायचा. आपण नाही काढला तर मोबाईल काढतोच, आणि समोरचं मूल किती वर्षांचं आहे हे मोबाईलला दिसत नाही.

मी फोंडा तालुक्यातल्या एका गावात शनिवारी वाचनालयात मुलांबरोबर बसते. पाचवी ते आठवीची मुलं असतात, त्यांच्या मागून धाकटी भावंडंही येतात. तिथे जे उपयोगी पडलं ते इथे क्रमाने सांगते. शाळेत चार-पाच तासिका मिळाल्या तरी पुरेत. घरी करणार असाल तर एका आठवड्याला एक पायरी घ्या.

एक गोष्ट मात्र शेवटपर्यंत धरून ठेवा. कोण जिंकलं हे मागाहून सांगा, माणसं वाचली कशी हे आधी सांगा. पाणी कुठून आणलं, दार कुणी उघडलं, रात्री पोरांना कुणी झोपवलं. जिंकण्या-हरण्याची गोष्ट मुलं आवडीने ऐकतात आणि लगेच काठ्यांच्या बंदुका करून अंगणात पळतात. वाचण्याची गोष्ट ऐकली की जागेवरच बसतात आणि प्रश्न विचारतात.

पायरी १: आधी त्यांचं ऐका

पहिल्या दिवशी काहीही शिकवू नका. गोल करून बसवा आणि विचारा, ‘युद्धाबद्दल तुम्ही काय काय ऐकलंय?’ सांगतील ते फळ्यावर लिहीत जा. चूक-बरोबर त्याच वेळी करू नका.

आमच्याकडे दुसरीतली एक मुलगी म्हणाली, ‘सीमेवर गोळ्या मारतायत, आणि माझा मामा रोज सीमेवरून जातो.’ मामा कामाला बांद्याला जातो. तिने आयुष्यात पाहिलेली सीमा एकच, गोवा-महाराष्ट्राच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका. ती रोज संध्याकाळी मामाची मोटरसायकल दारात लागेपर्यंत गप्प बसून असायची, आणि घरात कुणालाच कारण कळत नव्हतं. भारताचा नकाशा जमिनीवर पसरून गोव्यापासून जम्मूपर्यंत तिचं बोट हळूहळू नेलं, तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. म्हणून या पायरीला मोठा नकाशा हवाच. भीती पुष्कळदा अंतर न कळल्यामुळे असते.

मोबाईलवर आलेल्या चित्रफितींचाही विषय याच दिवशी काढा. मे २०२५ मध्ये जुनी दृश्यं आणि चक्क संगणकावरच्या खेळांतली दृश्यं ताज्या लढाईची म्हणून सर्रास फिरली. मोठ्या मुलांना हे सांगितलं की ती स्वतःहून तपासायला लागतात: हे कुणी टाकलं, कधी टाकलं, दुसरीकडे कुठे आलंय का? आठ वर्षांखालच्या मुलांना लढाईची दृश्यं दाखवूच नयेत, खरीही नाहीत. घरात संध्याकाळी बातम्या लागत असतील तर तेवढे दिवस वर्तमानपत्रावर भागवा.

पायरी २: किती सांगायचं ते ठरवा

बालवाडी ते दुसरीसाठी दोन वाक्यं पुरतात. ‘दोन देशांचं भांडण मोठं झालंय. आपण इथे एकत्र आहोत, आणि मोठी माणसं लक्ष ठेवून आहेत.’ त्यापुढे मूल विचारेल तेवढंच.

तिसरी ते पाचवीला माणसांच्या गोष्टी सांगा. रक्ताचं वर्णन नको, मेलेल्यांची छायाचित्रं नकोत. माणसं मरतात हे मात्र लपवू नका, त्यांना ते माहीत असतं.

सहावीच्या पुढे कारणं आणि कायदा येऊ द्या. १९४९चे जिनिव्हा करार समजावून सांगा: जखमींना, कैद्यांना, सामान्य नागरिकांना इजा करायची नाही असं देशांनी लिहून दिलं. मुलं इथे हटकून विचारतात, ‘मग कुणी पाळत का नाही?’ खरं ते सांगा. हे नियम वारंवार मोडले जातात, पण ते आहेत म्हणूनच मोडणाऱ्याला गुन्हेगार म्हणता येतं आणि त्याच्यावर खटला भरता येतो.

पायरी ३: आपल्या गावातलं युद्ध आधी

बहुतेक नवे शिक्षक हिरोशिमापासून सुरुवात करतात. मी म्हणेन, आधी डिसेंबर १९६१ घ्या. गोव्यातल्या मुलांना युद्ध म्हणजे टीव्हीवरची, लांबची गोष्ट वाटते, पण त्यांच्या आजी-पणजीच्या अंगणावरून विमानं गेली आहेत.

फळ्यावर चौकट आखून द्या. १७ आणि १८ डिसेंबरच्या मधल्या रात्री भारतीय सैन्य गोव्यात शिरलं. दाबोळीची धावपट्टी आणि बांबोळीचं रेडिओ केंद्र यांवर विमानांनी हल्ले केले. माघार घेताना पोर्तुगीज सैन्याने बाणस्तारीसकट काही पूल उडवले. अंजदीव बेटावर भारतीय नौदलाचे ७ नौसैनिक कामी आले. १९ डिसेंबरच्या संध्याकाळी गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्व्हा यांनी शरणागती पत्करली. एवढंच. आता ही चौकट माणसांनी भरायची आहे, आणि ते काम पुस्तक करू शकत नाही.

१९६१ साली दहा वर्षांची असलेली माणसं आज पंच्याहत्तरीच्या घरात आहेत. वाड्यावर अशी एखादी आजी किंवा आजोबा शोधा आणि वेळ न घालवता त्यांना गाठा. एकदा आधी जाऊन भेटा, काय विचारणार ते सांगा, त्यांची तयारी नसेल तर आग्रह धरू नका. मुलांना घेऊन जाल तेव्हा तीन-चारच न्या. एकाने विचारायचं, दोघांनी लिहायचं. ‘तुम्हाला भीती वाटली का?’ हा प्रश्न पहिला नको. वस्तूंपासून सुरू करा: त्या दिवशी चुलीवर काय होतं? झोपलात कुठे? पहिला आवाज कसला आला? घरी कोण आलं?

बाणस्तारीजवळच्या एका आजींनी आमच्या मुलांना सांगितलं की पूल उडाला तेव्हा फळीवरची भांडी आपोआप वाजली आणि कोंडाळ्याकडचा कुत्रा जो घरात शिरला तो दोन दिवस बाहेर गेला नाही. त्यांच्या आईने चुलीतला विस्तव राखेने झाकला, उजेड दिसू नये म्हणून. मग जेवलात काय? सकाळची गार पेज आणि चेपणीचे तोर, म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या कैऱ्या. शेजारचं ख्रिस्ती कुटुंब रस्त्याला लागून राहायचं, ते चारही जण रात्री यांच्याकडे माजघरात येऊन झोपले. आजी म्हणाल्या, ‘त्यांची म्हातारी रोझारीचा मणी ओढीत होती आणि माझी आजी रामरक्षा म्हणत होती. दोघींचा सूर लागत नव्हता, पण कुणी कुणाला थांबवलं नाही.’ लिहिणाऱ्या मुलीने हे वाक्य वहीत दोनदा लिहिलं होतं.

वही परत आल्यावर सगळ्या मुलांसमोर वाचा आणि विचारा: या घरातली माणसं कशाकशाच्या आधाराने निभावली? मुलंच यादी करतात. साठवलेलं अन्न, आईला सुचलेली युक्ती, शेजारी, प्रार्थना, विहीर. या यादीचं आपल्याला पुढे काम आहे, ती पुसू नका.

युद्ध संपलं की सगळं संपत नाही, हेही याच पायरीत येऊ द्या. मोहन रानडे गोव्यात मराठीचे शिक्षक म्हणून आले आणि मुक्तिलढ्यात उतरले. १९५५ मध्ये ते पकडले गेले. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला, पण रानडे पोर्तुगालच्या तुरुंगातून सुटले जानेवारी १९६९ मध्ये. मुलांना सात वर्षं म्हणजे किती ते त्यांच्याच वयावरून मोजायला सांगा. पहिलीत गेलेलं मूल आठवीत येतं तोवर.

पायरी ४: ‘शत्रू’ कोण, हे सावकाश सोडवा

ही पायरी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, आणि घाईघाईत हीच गाळली जाते.

पोर्तुगीज राजवटीबद्दल बोलताना वर्गातली ख्रिस्ती मुलं अवघडतात. कुणी काही बोललेलं नसतं, तरी त्यांना वाटतं की बोट आपल्याकडे आहे. तेव्हा नावं आठवणीने घ्या. १८ जून १९४६ला मडगावात राममनोहर लोहियांच्या बरोबर डॉ. ज्युलियांव मिनेझिस होते. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांनी आयुष्य या लढ्याला दिलं. १९५५ ते १९६१ जंगलातून गुप्त रेडिओ केंद्र चालवणारी दोन माणसं म्हणजे वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. हे सांगणं उपकार म्हणून करू नका, इतिहास तसाच आहे.

दुसरं असं की आज कित्येक मुलांची मावशी किंवा काका पोर्तुगीज पासपोर्टवर लंडनला किंवा स्विंडनला आहेत. राजवट वेगळी, सैन्य वेगळं, माणसं वेगळी, हे मुलांना समजवायला गोव्याइतकी सोपी जागा क्वचित सापडेल. ज्याच्याशी १९६१ मध्ये लढाई झाली त्या देशाच्या पासपोर्टवर आज आपली माणसं परदेशात भाड्याने घर घेऊन राहतात, तिथून नाताळला चॉकलेटं पाठवतात.

आणि वासालु इ सिल्व्हांची गोष्ट जरूर सांगा. लिस्बनहून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा हुकूम होता की शरण यायचं नाही, सैनिक एक तर जिंकलेले असतील किंवा मेलेले. सिल्व्हांनी तो मानला नाही. लढत बसले असते तर त्यांच्या हाताखालचे सैनिक मेले असते आणि पणजी-वास्कोतल्या घरांचं काय झालं असतं ते सांगायला नको. तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक युद्धकैदी झाले आणि १९६२ च्या मे महिन्यात मायदेशी गेले. सिल्व्हांना मात्र तिथे सैन्यातून काढून टाकलं. १९७४ मध्ये पोर्तुगालमधली हुकूमशाही उलथली, तेव्हाच त्यांना मान परत मिळाला. १९८० मध्ये ते गोव्यात येऊनही गेले.

इथे थांबून सहावी-सातवीच्या मुलांना विचारा: तुम्ही त्यांच्या जागी असता तर? उत्तर देऊ नका. आमच्याकडे एका मुलाने ‘हुकूम मोडणं चूकच’ असं शेवटपर्यंत लावून धरलं आणि त्याच्याशी वाद घालणाऱ्यांना त्याने चांगलं दमवलं. तास असाच व्हायला हवा. वसाहतीचा गव्हर्नर म्हणून त्यांनी जे केलं ते या एका निर्णयाने धुऊन निघत नाही, हेही मोठ्या मुलांपुढे ठेवा. एकाच माणसाबद्दल दोन खऱ्या गोष्टी एकाच वेळी मनात धरता येणं त्यांना पुढे फार उपयोगी पडतं.

पायरी ५: आता लांब जा

मुरगाव बंदराची सहल निघत असेल तर १९४३ साल सोबत न्या. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता, म्हणून गोवाही तटस्थ. त्या वर्षी मार्चमध्ये याच बंदरात इंग्रजांच्या बाजूच्या लोकांनी रात्री छापा घातला आणि एरेनफेल्स ही जर्मन बोट जळून बुडाली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच बंदरात दोन मोठ्या बोटी येऊन लागल्या: स्वीडनची ग्रिप्सहोम आणि जपानची तेइया मारू. एकीत अमेरिकेहून आलेले जपानी, दुसरीत जपानच्या ताब्यातल्या मुलखांत अडकलेले अमेरिकन आणि इतर. दोन्हीकडे दीड हजाराच्या आसपास साधी माणसं, त्यांत पुष्कळ मुलं. युद्ध चालू असताना ही माणसं या बोटीतून त्या बोटीत गेली आणि घराच्या वाटेला लागली. शत्रू एकमेकांशी बोलत नव्हते, पण एवढ्यापुरतं बोलले. मुलांना हे खेळून दाखवता येतं: अंगणात दोन चौकोन आखा, हातात एक एक पिशवी द्या, आणि एकमेकांच्या शेजारून जायला सांगा. समोरून येणाऱ्याकडे बघून काय वाटलं ते मागाहून लिहून घ्या.

घाट चढून पलीकडे कोल्हापूर आहे. तिथल्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. रशियाने त्यांना घरातून उचलून सैबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं होतं. तिथून इराणमार्गे ती माणसं इथे आली. पंचगंगेकाठी त्यांच्या शाळा भरल्या, चर्च उभं राहिलं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. आपल्या भाषेच्या मुलखाने कुणाला तरी आसरा दिला, हे मुलांना कळलं की ती ताठ बसतात. तो ताठपणा चांगला आहे.

साडाको सासाकीची गोष्ट यानंतर घ्या. सांगताना शेवट गोड करू नका. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ला बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती, आणि रक्ताच्या कर्करोगाने बाराव्या वर्षी गेली. हजार कागदी सारस केले की इच्छा पुरी होते असं जपानात मानतात, पण सारस करून ती वाचली नाही. पण तिच्या वर्गातल्या मुलांनी पैसे जमवायला घेतले, जपानभरच्या शाळा सामील झाल्या, आणि १९५८ मध्ये मुलांचं शांतिस्मारक उभं राहिलं. वर्गातली मुलं काय करू शकली, तिथे जास्त वेळ द्या.

पायरी ६: हाताला येणारी तयारी

तयारी असली की मुलाची भीती कमी होते, पण ती सहज करायची, घाबरवून नाही. मी हिला युद्धाचं नाव देतच नाही. मे २०२१ मधल्या तौक्ते वादळात गोव्यात झाडं पडली, कित्येक घरांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. मोठ्या मुलांना ते आठवतं. तिथून सुरू करा.

घरातल्या एका मोठ्या माणसाचा फोन क्रमांक पाठ हवा, मोबाईलमध्ये साठवलेला नको. वाडा, गाव, तालुका नीट सांगता यायला हवा. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते घरातल्या सगळ्यांनी ठरवावं: देवळाचा सभामंडप, चर्चपुढचं पटांगण, पंचायत, काहीही, पण एकच. ११२ क्रमांकावर काय बोलायचं ते एकदा खोटा फोन कानाला लावून बोलून बघू द्या. भोंगा वर-खाली होत वाजला तर धोका, एकसारखा सरळ वाजला तर धोका टळला. खिडकीपासून दूर व्हायचं, आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसायचं, अनोळखी वस्तूला हात लावायचा नाही. एका पिशवीत बॅटरी, पाण्याची बाटली, आजीच्या गोळ्या, चणे-शेंगदाणे आणि धाकट्या भावंडाचं एक खेळणं. खेळणं विसरू नका.

आजींच्या घरची यादी आता बाहेर काढा आणि पिशवीशी ताडून बघा. मुलंच म्हणतात, ‘शेजारी पिशवीत मावत नाहीत.’ मग त्यांना शेजारच्या दोन घरांत पाठवा: कुणाला चालता येत नाही, कुणी एकटं राहतं, कुणाकडे विहीर आहे ते विचारून यायला. हे मला पिशवीपेक्षा मोलाचं वाटतं.

पायरी ७: आशा नुसती बोलू नका, करायला द्या

शांततेवर घोषवाक्यं लिहून घ्यायची, कबुतरं रंगवायची आणि तास संपवायचा, असं नको. मुलांना खरं, छोटं, तडीस जाईल असं काम हवं असतं. जमा केलेल्या आठवणींची हस्तलिखित वही करून वाचनालयाला द्या आणि एक प्रत त्या आजींना. गोव्यात कामाला आलेल्या परप्रांतातल्या कुटुंबांची मुलं शाळेत असतील, तर त्यांना भाषा येईपर्यंत एक सोबती नेमा. भांडण मिटवायची पद्धत मुलांनाच ठरवू द्या. आमच्या मुलांनी ठरवलं की दोघांनी आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडाने सांगायचं आणि समोरचा ‘हो, असंच’ म्हणाला की मगच आपलं. पहिले काही दिवस यावरूनच भांडणं झाली. पद्धत मात्र टिकली.

अवघड प्रश्न

‘आपल्याकडे होईल का?’ ‘कधीच नाही’ असं वचन देऊ नका. ‘आत्ता इथे तसं काही नाही. काही वेगळं झालं तर मी तुला खरं सांगेन, आणि आपण काय करायचं ते आपल्याला माहीत आहे.’ हे बोलताना हातातलं काम बाजूला ठेवा.

‘त्यांना सगळ्यांना संपवायला हवं.’ रागावू नका. ‘सगळ्यांना म्हणजे कुणाकुणाला?’ असं विचारत जा. तान्ही बाळं, शाळेचे शिक्षक, पाव विकणारे अशी यादी वाढत गेली की मूल स्वतःच अडखळतं.

‘माझा बाबा बोटीवर आहे’ किंवा ‘आई कुवेतला आहे.’ हा प्रश्न गोव्यात प्रत्येक वर्गात आहे, आणि बातम्यांत तांबड्या समुद्राचं किंवा आखाताचं नाव आलं की तारवटींच्या, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांच्या, घरी फोनकडे डोळे लागतात. खोटा धीर देऊ नका. बाबाची बोट कुठे आहे ते नकाशावर शोधा, फोन कधी येतो ते ठरवून घ्या, घरच्यांशी बोलून शाळेत कुणाकडे निरोप द्यायचा ते पक्कं करा. मोठ्या मुलांना १९९० सांगा: २ ऑगस्टला इराकने कुवेत घेतलं, गोव्याची कितीतरी माणसं तिथे अडकली, आणि जॉर्डनमधल्या अम्मानहून १,७०,००० हून अधिक भारतीयांना विमानांनी परत आणलं. तुमच्याच वाड्यावर त्यांतलं कुणीतरी असेल. त्यांनाही बोलवा.

एखादं मूल आठवडे लोटले तरी झोपत नसेल, खात नसेल, अंथरूण ओलं करू लागलं असेल, एकच एक चित्र पुन्हा पुन्हा काढत असेल, तर गोष्टी थांबवा आणि आधी आईबापांशी बोला. चित्राचा अर्थ आपण लावू नये. ‘यात तू कुठे आहेस?’ एवढंच विचारावं. गरज वाटली तर शाळेच्या समुपदेशकाकडे न्या, किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ वर फोन करा. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८ आहे. हे दोन्ही क्रमांक वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा आणि पालकसभेत एकदा मोठ्याने वाचून दाखवा.